चिंबोरीच्या दोरीला वजन किती

२० ऑगस्ट १९८६, बुधवार. माहीम (पालघरजवळ).
नवी वही. आजपासून रोज लिहायचं. (मागच्या वहीतही पहिलं वाक्य हेच होतं. पण तेव्हा शिफ्ट होती.)

काल नारळी पुनव. खाडीवर नारळ सोडला. खंडेराव पाटील दरवर्षीप्रमाणे मोठ्यांदा बोलले. सर्वपित्री अवसेच्या सांजेला, ओहोटीचं पानी पार उतरलं का मी होडी घेऊन फिरनार. ज्याच्या दोरीचं वजन तळाला दिसंल, त्याची जागा त्याची. नाय दिसलं तर दुसऱ्याला. बोलताना पाटील माझ्याकडेच बघत होते. शेजारी महादू उभा होता, तो हसला. त्याची जागा आमच्या जागेला लागून आहे. डोळा आहे त्याचा.

आमची जागा म्हणजे बाबांची. पुलापासून तिसरी. तिथे बाबा चिंबोरीची दोरी टाकत. मी लहानपणी घर सोडलं, आधी गोदीत, मग बोईसरला. बाबा जाऊन अठरा वर्षं झाली. मग इतकी वर्षं जागा आमची राहिली कशी? बाबांच्या नावाचा मान. पाटील जुन्या वळणाचे. पण आता मी रिटायर होऊन घरी आहे. आता मानावर चालणार नाही.

अवस ३ ऑक्टोबरला. चव्वेचाळीस दिवस. भरपूर.

२१ ऑगस्ट, गुरुवार. सकाळी ९.
(लवकर उठायचं ठरवलं होतं. सोळा वर्षांची शिफ्टची झोप अंगात आहे, ती एकदम जात नाही.)

कामाची मांडणी. चिंबोरीच्या दोरीला गळ नसतो. साठ वाव (एक वाव म्हणजे चार हात) दोरी, हात-हातभर अंतरावर पाकट माशाच्या मांसाचे तुकडे बांधायचे. चिंबोरी नांगीने तुकडा धरते आणि हट्टाने सोडत नाही. दोरी हळू उचलायची, खाली जाळी धरायची. दोन टोकांना दोन वजनं, वजनांवर तरंगते डबे. एवढंच शास्त्र. म्हणजे सगळा खेळ वजनाचा.

आणि वजनाबद्दल मला कोण सांगणार? बोईसरच्या कारखान्यात सोळा वर्षं वजनकाट्यावर होतो. ट्रक नुसता वळताना बघून माल किती ते सांगायचो. निरोपाला साहेबांनी मला स्प्रिंगचा काटा भेट दिला, तो भिंतीला टांगला आहे.

माझं सूत्र: दोन्ही टोकांना सारखं वजन. प्रत्येकी अकरा किलो. समतोल म्हणजे न्याय.

बायको मंजुळा म्हणाली, नवसीला इचारा ना, ती तर... मी थांबवलं. नवसी माझी धाकटी बहीण, बिचारी विधवा, खाडीकाठच्या बाबांच्या खोपटात राहते, पालघरच्या बाजारात सुकी मासळी विकते. तिचा काटा वेगळा, माझा वेगळा. मंजुळा काहीतरी पुढे सांगत होती, पण माझा हिशेब चालू होता.

बाबांचे धोंडे असते तर प्रश्नच नव्हता. काय धोंडे होते! जात्याएवढे. मला तर ते हलायचेसुद्धा नाहीत. गेले कुठेतरी. आता तसा दगड मिळत नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार.
एस.टी.ने मासवणला गेलो. नदीचा दगड उत्तम, पाण्यात घासून तयार झालेला असतो. काटा बरोबर नेला होता. तीन तास शोधून दोन सापडले. अकरा आणि अकराला थोडे कमी. गुळगुळीत, गोल, देखणे.

काठावर बायडी नावाची एक बाई लाकडाची मोळी टेकून बसली होती. म्हणाली, बाबा, तुमचे गावात धोंडं नाय का? मी तिला समतोल समजावून सांगितला. ती ऐकत होती. मग म्हणाली, मंग दोन धोंड्यासाठी येकच मानूस आला, समतोल कुठं झाला? अडाणी बाई.

परतीच्या गाडीत कंडक्टरने विचारलं, पोत्यात काय? दगड म्हटल्यावर त्याने सगळ्या गाडीला उठून दाखवलं. पालघरपर्यंत लोक माझ्याकडे वळून बघत होते. मोठ्या कामाला हे सोसावं लागतं.

२८ ऑगस्ट, गुरुवार.
गोल दगडाला दोरी राहत नाही. हे आधी कुणी सांगायला हवं होतं. अंगणात बांधून ओढून बघितलं. एक सुटला तो घरंगळत कोंबड्यांच्या डालीत शिरला. कोंबडी सुखरूप, अंडी नाहीत.

दगड हा जुना विचार. काळ लोखंडाचा.

मंजुळाने जेवताना विषय काढला, अवं, त्या नवसीच्या जागेचं... म्हटलं, तिच्या खोपटाची कौलं मी दिवाळीआधी शाकारून देणार आहे, माझ्या लक्षात आहे. ती ताट उचलून आत गेली. तिला बरं वाटलं असणार.

२ सप्टेंबर, मंगळवार.
बोईसर. भंगारवाल्याकडे दोन दातेरी चाकं मिळाली. अकरा-अकरा! काट्यावर दोनदा टांगून खात्री केली. भंगारवाला म्हणाला, चाचा, जहाज बांधना है क्या? म्हटलं, खेकडा. तो म्हणाला, इतना बडा खेकडा? आणि आत जाऊन भावाला बोलावून आणलं. दोघं हसले. मीही हसलो. माणसं चांगली आहेत.

कारखान्याच्या फाटकावरून चक्कर टाकली. काट्यावर नवा पोऱ्या बसला आहे. मला ओळखलं नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार.
काल अवस होती. आज मंजुळाने चिंबोऱ्यांचा रस्सा केला. अवसेच्या चिंबोऱ्या, मांसाने गच्च भरलेल्या. दर अवसेला होतो आमच्याकडे. कुठून आणतेस विचारलं. म्हणाली, नवसीनं दिल्या. बाजारातल्या विकत घेऊन वर भावाला वाटते, जीव आहे वेडीचा. मनात ठरवलं, माझी दोरी पडली की निम्म्या चिंबोऱ्या नवसीला. शब्द म्हणजे शब्द. लिहून ठेवला.

८ सप्टेंबर, सोमवार.
दीड दिवसाचा गणपती गेला. नवसी आली होती. माझी लोखंडी चाकं बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. दादा, हे खाडीत टाकनार? खालचा चिखल कसा हाय ठावं हाय का तुला? मी म्हटलं, बाई, तू बोंबील मोज. ती हसली. म्हणाली, मोजते. तू तुजा काटा पन टाक खाडीत, रुतला तर मी काढून देईन.

मनाला लावून घेतलं नाही. धाकटी आहे. पण नंतर अंगणात बऱ्याच येरझारा घातल्या.

१२ सप्टेंबर, शुक्रवार. ऐतिहासिक दिवस.
दुपारी पाटलांची लहान होडी मागून आणली. तिसऱ्या जागेवर पोचतो तो काय, आमच्या जागेत कुणाची तरी दोरी! काळा डांबर फासलेला डबा तरंगतो आहे. चोरी नाही, दरोडा. महादूच! शेजारी टपून बसलाच होता.

अख्खी दोरी ओढून काढली. तुकड्यांना पाच चिंबोऱ्या धरून होत्या, त्या दंड म्हणून घेतल्या. वजनं बघून हसू आलं. दोन मामुली धोंडे, मधे भोक, एकीकडून फुटलेले, पोळीसारखे चपटे. एक जड, एक हलका! दोन टोकांना दोन वेगळी वजनं लावणारा माणूस खाडीत काय करतो? असल्या धोंड्यांसाठी काटा काढायचीही लाज वाटली.

मग माझी लोखंडी चाकं सोडली. संध्याकाळपर्यंत पुलावर बसून डब्यांवर नजर ठेवली. तसूभर हलले नाहीत. सूत्र सिद्ध.

१३ सप्टेंबर, शनिवार.
महादूचे धोंडे वाया कशाला घालवा. मासवणचे दगड खाटेखाली मावत नव्हते. म्हणून खाटेच्या उशाकडच्या दोन पायांखाली हे दोन धोंडे दिले, घसरू नयेत म्हणून वर गोणपाट गुंडाळलं. दोरीचं वेटोळं करून डब्यांसकट मागच्या पडवीत, पोत्याखाली. पुरावा. मंजुळाला सांगून ठेवलं, खाटेखाली माझं सामान आहे, तिथे झाडू घालायचा नाही.

एक पाय उंच झाला आहे. झोपलो की घरंगळून भिंतीला चिकटतो. सवय होईल.

१४ सप्टेंबर, रविवार.
वाईट बातमी. नवसीची दोरी चोरीला गेली! ती दोरी टाकते हेच मला ठाऊक नव्हतं. मंजुळा म्हणाली, तुमाला म्हाईत नाय? मी किती वेला... म्हटलं, आता चोर कोण ते बघू. कोणत्या जागेत टाकते ते विचारणार होतो, पण चोर कोण ते मला आधीच माहीत होतं. जो माझ्या जागेत घुसतो तोच बहिणीची दोरी चोरतो. सरळ महादूच्या दारात गेलो. चांगलं सुनावलं. तो हातातलं जाळं टाकून उठला, म्हणाला, मी कशाला नवसीची दोरी नेऊ? माज्या मंगळीच्या बालंतपनात रातभर बसली ती. शपथ घेतली त्याने. खोट्या माणसाची शपथ नेहमी खणखणीत असते.

मंजुळा म्हणते, नवसी दोरीसाठी नाय रडत, धोंड्यांसाठी रडते. धोंड्यांसाठी! बायकांचं काही कळत नाही. निरोप पाठवला, काळजी करू नको, दादा तुला मासवणचे दोन देईल, गोल, देखणे.



१९ सप्टेंबर, शुक्रवार.
लिहायचं नव्हतं. पण वही ठेवली आहे तर लिहिलं पाहिजे.

काल पुनव. उधाण आलं. सकाळी महादू दारात. दादूशेट, तुमची गाडी आमच्या अंगनात आली, घेऊन जा! माझी दोरी ओहोटीने ओढून त्याच्या दोरीत गुंडाळली होती. एक चाक सापडलं, दुसरं चिखलात इतकं खोल गेलं की दोरीच तुटली. अर्धा गाव काठावर. पाटील म्हणाले, दादू, तू चाचनी कंदी घेतलीस? म्हटलं, बारा तारखेला. पाटलांनी बोटांवर तिथी मोजली. अरं, तवा तर भांग व्हता! अष्टमी-नवमीचं पानी मेल्यासारकं. त्या पान्यात तर कागूदबी जाग्यावर र्‍हातो!

कोळ्याचा मुलगा मी. भांगाच्या पाण्यात चाचणी घेतली. हे मी इथे फक्त एकदाच लिहितो आहे.

अर्थात दोष वजनाचा नाही. तिथीचा आहे.

२१ सप्टेंबर, रविवार.
तिसऱ्या जागेत आता काही नाही. बारा दिवस राहिले. महादू येता-जाता विचारतो, काय दादूशेट, आता काय इमानाचं चाक टाकनार? अन्न गोड लागत नाही. दिवसातून चारदा पुलावर जातो, रिकाम्या पाण्याकडे बघतो, परत येतो. बाबांनी तीस वर्षं धरलेली जागा माझ्या हातून, मी घरी बसलेलो असताना गेली तर?

उपाय सापडला. सिमेंट. तुपाच्या मोठ्या चौकोनी डब्यात ओतायचं, वर लोखंडी कडी. सोळा-सोळा किलो. उधाण काय, तुफान आलं तरी हलणार नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार.
ओतलं. घाई होती. पहिल्या डब्यात कडी घालायची राहिली. दुसऱ्यात दोन घातल्या. सरासरी बरोबर आहे.

वाळू खाडीतलीच घेतली. जवळ होती.

२७ सप्टेंबर, शनिवार.
डबे फोडले. बिनकडीचा ठोकळा सुरेख. दोन कड्यांचा कोपऱ्यातून भुगा होतो आहे, पण मधला भाग दमदार आहे. त्याला दोरी आडवी-उभी बांधू, पार्सलसारखी.

मंजुळा म्हणाली, उचलू नका एकटे, महादूला हाक मारते. महादूला? मी एकट्याने उचलला.

दुपारी ३. हे आडवं पडून लिहितो आहे. कमरेत काहीतरी कट्कन झालं.

३० सप्टेंबर, मंगळवार.
हलता येत नाही. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस पाठीवर. वर ही तिरकी खाट. सगळा दिवस भिंतीकडे घसरतो, कुशीला हात लावून स्वतःला परत वर ढकलतो, परत घसरतो. भिंतीवर काटा टांगलेला दिसतो. वाऱ्याने हलतो. कशाचं वजन करतो आहे कुणास ठाऊक.

मंजुळाला विचारलं, महादूने दोरी टाकली का आपल्या जागेत? म्हणाली, नाय. तो म्हनतो, दुसऱ्याच्या जाग्येत मी कसा टाकू. आता हे त्याचं नवीन सोंग.

तीन दिवस राहिले. बापाला मुलगा असतो कशाला, एवढंच डोक्यात येतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार.
सगळं नीट लिहितो. जसं झालं तसं.

सकाळी नवसी आली. हातात गरम तेलाची वाटी. आल्या आल्या मला पालथं केलं, चोळायला बसली. हात कसले तिचे, वल्ह्यासारखे घट्ट. कधी झाले इतके, मी बघितलंच नव्हतं. म्हटलं, नवसे, बाबांची जागा जाणार. ती म्हणाली, व्हय, जानार. माजी दोरी नेली कुनी तवाच गेली ती.

तुझ्या दोरीचा काय संबंध, असं मी म्हणालो. खरंच म्हणालो.

तिने चोळणं थांबवलं. दादा, अठरा वर्सं ती जागा कोन राखतं असं वाटतं तुला?

मी काही बोलणार तेवढ्यात खाटेच्या काठावर ठेवलेली वाटी तिरकी घसरत गेली आणि खाली पडली. नवसी वाटी शोधायला वाकली. बराच वेळ वर आली नाही. मग गोणपाट फाडल्याचा आवाज. मग हुंदक्यासारखं काहीतरी.

मला वाटलं रडते आहे. बघतो तर पदराने तोंड दाबून हसत होती. डोळ्यांतून पाणी चाललं होतं. मंजुळे, अगो धाव! चोर गावला! बाबांच्या धोंड्यांवर निजलाय गो!

मी म्हटलं, हे बाबांचे नव्हेत. बाबांचे जात्याएवढे होते. मला हलायचे नाहीत.

नवसी म्हणाली, दादा, तवा तू सात वर्सांचा व्हतास.

दोघींनी मला खाटेसकट उचललं आणि धोंडे काढून घेतले. मी महादूची शपथ आठवत पडून राहिलो. मंजुळा म्हणाली, मी पयल्या दिवसापासून सांगत व्हते. म्हटलं, खरं आहे. 

दोरी पडवीत आहे असं सांगितलं. पाच चिंबोऱ्यांचंही सांगितलं. नवसी म्हणाली, मोठ्या व्हत्या का? म्हटलं, भरलेल्या होत्या. म्हणाली, मंग झालं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार. सर्वपित्री अवस.
पहाटेच्या ओहोटीला नवसी दोरी टाकून आली. मंजुळा होडी धरायला गेली होती. जाण्याआधी मंजुळा आत कापडं बदलत होती आणि नवसी पाकटाचे तुकडे बांधत होती, तेवढ्यात मी भिंतीला धरून उठलो. डॉक्टरांना कळायला नको. धोंडे काट्याला टांगले. एक नऊ किलो, एक सहा.

नवसीने बघितलंच. ओरडली नाही. म्हणाली, मोठा वरच्या अंगाला जातो, पुलाकडं. भरतीपरीस ओहोटी वढते जास्त, नदीचं पानी संगट असतं ना. चपटे म्हनून चिखलात रुतत नाय, अन लोळत बी नाय. बाबांनी सांगितलं नाय तुला?

सांगितलं असेल. मी गोदीत होतो.

संध्याकाळी पाटलांची फेरी. मी खाटेवर. मंजुळाने येऊन सांगितलं. पानी पार उतरलं होतं, दोन्ही धोंडे लख्ख दिसत होते. पाटील होडीतून ओरडले, तिसरी जागा, नवसीची, हाय! मी विचारलं, नवसीची म्हणाले? बाबांची नाही? मंजुळा म्हणाली, अठरा वर्सं तसंच म्हनतात. म्हणजे नारळी पुनवेला पाटील माझ्याकडे बघतच नव्हते. माझ्या मागे नवसी उभी होती.

महादूकडे मंजुळाच्या हाती चार केळी पाठवली. त्याने उलट निरोप धाडला, दादूशेटना म्हनावं, ते दुसरं चाक गावलं तर आनून देईन.

४ ऑक्टोबर, शनिवार. घट बसले.
नवे बेत:
कंबर बरी झाली की नवसीच्या होडीत जायचं. तिने काम दिलं आहे. आमिष बांधायचं. दोरीच्या साठ वावांना दोनशे चाळीस तुकडे होतात. तुकडे एका वजनाचे करावेत असं मी सुचवलं. ती म्हणाली, दादा, काटा घरी ठेव.

सिमेंटचा बिनकडीचा ठोकळा मंजुळाने न्हाणीत ठेवला आहे, कपडे धुवायला. चांगला आहे म्हणते. मासवणच्या एका दगडाने तुळशीपुढे नारळ फोडला. दुसरा कोंबड्यांच्या डालीवर, मांजर येऊ नये म्हणून.

एकूण बघता अभ्यास वाया गेला नाही. नऊ आणि सहा हे आकडे या गावात माझ्याशिवाय कुणाला माहीत नाहीत.

वीस दिवस मी त्या तीन किलोच्या फरकावर घसरत होतो आणि वजनकाट्यावर सोळा वर्षं काढलेल्या माणसाला ते कळलं नाही.

आता खाट सपाट आहे. दुपारभर डोळ्याला डोळा लागला नाही.